पहारेकऱ्याला आडनाव

जीवराम नानांनी आयुष्यात फक्त एका पत्राला वेळेवर उत्तर दिले नाही, आणि त्या एका पत्राने त्यांची झोप, भूक आणि शब्दकोश अशा तीन गोष्टी एकदम घालवल्या!

झोप आणि भुकेचे कुणालाही समजेल. शब्दकोशाचे असे झाले, की ते पत्र नानांनी घरातल्या जाडजूड शब्दकोशात लपवले. कारण त्यांच्या पत्नी ताईबाई झाडलोट करताना सगळी पुस्तके उचलायच्या, पण शब्दकोश तेवढा उचलत नसत. "तो दगड तुमचा तुम्हीच उचला," म्हणायच्या. पत्र सुरक्षित राहिले. पण मग नानांनाच शब्दकोश उघडायची भीती वाटू लागली! उघडला की पत्र दिसणार. पुढचे तीन हप्ते त्यांनी जेवढे शब्द नक्की येतात तेवढ्यातच भागवले. 'किंकर्तव्यमूढ' व्हायला निघालेला सेनापती ऐनवेळी नुसता 'गप्प' झाला.

आणि हे कुणाचे? तर पस्तीस वर्षे कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत काढलेल्या माणसाचे! नाना उलटटपाली उत्तर देण्यासाठी प्रसिद्ध होते. विजेच्या बिलासोबत छापील सूचना आली तरी "आपली सूचना पोहोचली, आभारी आहे" असे पोस्टकार्ड टाकायचे. समोर माणूस आला की नानांची जीभ टाळूला चिकटायची, पण कागद समोर आला की ते सिंह व्हायचे. म्हणजे, सिंह नाही म्हणता येणार. पण मांजर तरी नक्की.

गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशीची. निवृत्त होऊन जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात दोन खोल्या बांधल्यावर नानांनी एका साप्ताहिकात कादंबरी लिहायला घेतली होती. 'सात किल्ल्यांचे राज्य.' राजे, गुप्त भुयारे, जादूची तलवार, आग ओकणारी घोरपड, सगळे काही! दर शुक्रवारी हप्ता. साप्ताहिकाचे मालक, संपादक आणि छपाईयंत्रात अडकलेला कागद ओढून काढणारे, हे सगळे एकच : रूपचंदशेठ.

एके दिवशी रूपचंदशेठ हातात अंक नाचवत आले.

"नाना, तुमच्या राज्यात मोठ्यांना फक्कड नावं आहेत. वज्रबाहू चंद्रकेतू, रणधवल रत्नशिखरे. पण गरिबांचं काय? 'एक पहारेकरी', 'दुसरा पहारेकरी'!"

"अहो, तो साधा माणूस..."

"साधा असला म्हणून काय झालं? परवा तुमचा दुसरा पहारेकरी घोरपडीनं जाळला. आणि पुढच्या रकान्यात दुसरा पहारेकरी उभा राहून पाणी पितोय! वाचक विचारतात, हा तिसरा, की भूत?"

नाना ओशाळले. "आडनावं द्यावीत म्हणता?"

"द्याच!"

"पण कुठली देणार, शेठ? पाटील लिहिलं तर माणूस घोरपड विसरतो आणि विचारतो, कोणते पाटील? नशिराबादकडचे का? त्यांची मुलगी भुसावळला दिलीय तेच ना?"

रूपचंदशेठ विचारात पडले. मुद्दा खरा होता. आपल्याकडे आडनाव कानावर पडले, की माणूस सोयरीक शोधायला लागतो. तिथे घोरपडीची काय कथा!

आणि मग नानांच्या तोंडून ते वाक्य गेले. कसे गेले त्यांनाच कळले नाही. चहा थोडा कडक झाला होता, एवढेच कारण पुढे त्यांना सापडले.

"मोठ्या माणसाला आडनाव गडावरून मिळतं, शेठ. गरिबाकडे गड कुठला? त्याच्याकडे एखादी फजिती असते. आजोबाची, पणजोबाची. तेच त्याचं आडनाव! बघा तुम्ही, आठ दिवसांत ढीगभर आडनावं पाडून देतो. आणि एकही उसनं नाही! सगळं इथलं!" असे म्हणून नानांनी स्वतःच्या टकलावर बोट ठेवले.

आठ दिवस कशाला, दोन दिवसांत अठरा आडनावे झाली! नाना लिहायला बसले की पावसाळ्यात छत्र्या उगवतात तशी नावे उगवायची. खुणेचा दिवा घाबरून फुंकणारा पहारेकरी : दिवाविझे. बायको रागावली म्हणून दोन दिवस कोरड्या विहिरीत जाऊन बसलेला शिपाई : विहीरबसे. ज्याचे घोडे रणांगणावरून त्याला घेऊन परत घरी आले तो स्वार : घोडेपरते. मेजवानीच्या दिवशी आख्खी कढई उलटवणारी आचारीण : वरणसांडे. हात थांबेना! नानांना वाटले, हीच ती प्रतिभा. इतकी वर्षे कचेरीत फायलींखाली दबलेली होती बिचारी!

रूपचंदशेठनी हप्त्याच्या डोक्यावर चौकट छापली : 'यातील सर्व आडनावे लेखकाच्या स्वतंत्र प्रतिभेची निर्मिती आहे.' नानांनी ती चौकट कापून चष्म्याच्या घरात ठेवली. दिवसातून चार वेळा चष्मा पुसायचा, म्हणजे चार वेळा चौकट दिसायची.

महिनाभराने ते पत्र आले.

आंतरदेशीय पत्र होते. धुळ्याच्या पलीकडच्या धामणदे गावाहून. धामणदे म्हणजे ताईबाईंचे माहेर; तिथे त्यांना सगळे अक्का म्हणत. लिहिणारे होते भिकन मास्तर, गावातल्या शाळेचे मास्तर आणि दुपारनंतर तिथल्याच टपालाचे पोस्टमास्तर.

"रा. रा. जीवराम नाना यांस स. न. वि. वि. आपली कथा दर रविवारी पारावर वाचून दाखवली जाते. दिवाविझे, विहीरबसे, घोडेपरते, वरणसांडे व इतर मिळून अठरा नावे ही आमच्या गावातील अठरा घरांना पडलेली नावे आहेत. निम्मे गाव पाटील असल्याने टपालसुद्धा याच नावांनी वाटावे लागते. सबब ही आपली स्वतंत्र प्रतिभा आपणास कुणी पुरवली, याचा खुलासा उलटटपाली करावा. अक्कांनी पुरवली असल्यास यंदा आखाजीला मुराळी धाडायचा की कसे, ते गाव ठरवील."

नानांनी पत्र तीनदा वाचले. मग पाणी प्यायले. मग चष्म्याच्या घरातली चौकट काढून उलटी ठेवली.

हे कसे शक्य आहे? अठराच्या अठरा? एखादे जुळले असते तर योगायोग म्हणता आला असता. अठरा जुळणे म्हणजे एक तर चेटूक, नाहीतर चोरी! आणि नाना तर धामणद्याला उभ्या आयुष्यात चारदा गेले होते. चारही वेळा पुस्तक घेऊन गेले होते.

खुलासा तिसऱ्या दिवशी आपोआप झाला. ताईबाई ओट्यावर बसून खाटेवर ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, वाळत घालत होत्या आणि बोलत होत्या. नाना आत पुस्तक घेऊन बसले होते. हा संसार त्रेचाळीस वर्षे असाच चालला होता : ताईबाई बोलायच्या, नाना वाचायचे, मधूनमधून "हं" म्हणायचे. ते "हं" त्यांच्या नकळत जायचे, जशी झोपेत माशी हाकलावी तशी.

"...मग ती सुंदरबाई म्हणाली, आमच्या आजेसासूनं वरण सांडलं तर तुम्ही नातसुनेलासुद्धा वरणसांडीण म्हणता! मी म्हटलं, बाई गं, गाव आहे ते, आम्ही नाही ठेवलं नाव. त्या झिपरूच्या आजोबानं नाही का लग्नाच्या मांडवातला दिवा फुंकला, तर आजही तो दिवाविझ्यांचा झिपरू..."

नानांच्या हातातून पुस्तक पडले.

त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोचे बोलणे मुद्दाम ऐकले. आणि ऐकताना त्यांना कळले, की हे सगळे आपण आधी ऐकले आहे! शंभरदा! प्रतिभा म्हणून जी उसळत होती ती कचेरीच्या फायलींखालून नव्हती उसळत, ती ओट्यावरून येत होती! डोळे पुस्तकात होते, पण कानांनी मागल्या दाराने आख्खे धामणदे आत घेतले होते.

आता उत्तर काय द्यायचे? "अक्कांनी पुरवली" लिहावे, तर ताईबाईंची आखाजी गेली. "माझी मीच निर्माण केली" लिहावे, तर धडधडीत खोटे, आणि तेही अठरा घरांच्या तोंडावर! नानांनी पत्र शब्दकोशात ठेवले. आणि म्हणाले, बघू.

आखाजी म्हणजे काय ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको, पण कुणी बाहेरचा वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. दिवाळीला लेक सासरी राहिली तर चालते. पण आखाजीला, वैशाखाच्या भर उन्हात, लेक माहेरी झोक्यावर बसलीच पाहिजे! तिला न्यायला माहेरचा माणूस येतो, तो मुराळी. लेक ऐंशी वर्षांची का होईना, मुराळी आला की ती सोळाची होते. आणि मुराळी नाही आला, तर ती पाय उचलत नाही. ताईबाईंना त्रेचाळीस वर्षे त्यांचा धाकटा भाऊ उखर्डू न चुकता न्यायला आला होता. पहिल्यांदा आला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि परत जाताना त्यालाच ताईबाईंनी कडेवर घेऊन बसमध्ये बसवले होते.

"उखर्डू यंदा चार दिवस आधीच येईल बघा," ताईबाई म्हणाल्या. "कैऱ्या भरपूर आल्यात म्हणे."

"हं," नाना म्हणाले. हे "हं" मात्र जाणूनबुजून होते, आणि फार वाईट निघाले.

घाबरट माणूस थेट काही करत नाही, आडून करतो. नानांनी ठरवले, पत्राचे उत्तर कथेतच द्यायचे! दिवाविझ्यांना राग आला असेल ना? मग पुढच्या हप्त्यात त्यांनी लिहिले, की पहारेकरी दिवाविझे याने खुणेचा दिवा भीतीने नव्हे तर मुत्सद्देगिरीने विझवला होता. शत्रूची फौज अंधारात वाट चुकून दलदलीत गेली. महाराजांनी प्रसन्न होऊन दिवाविझ्यांना सात गावांची जहागीर दिली!

नानांना जरा बरे वाटले. त्या दिवशी दोन पोळ्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात धामणद्याहून पोस्टकार्ड आले. 'तानुबाई विहीरबसे, हिच्या सांगण्यावरून' असे वर लिहिले होते.

"दिवाविझ्यांना जहागीर आणि आमचा माणूस अजून विहिरीतच? त्याला वर काढणार की आम्ही दोर घेऊन जळगावला येऊ?"

नानांनी विहीरबसेला घाईघाईने वर काढले. नुसता काढून भागेना, म्हणून विहिरीच्या तळाशी त्याला जादूची तलवार सापडली आणि तो उपसेनापती झाला. मग घोडेपरत्यांचे कार्ड. त्यांचे घोडे मुळात देवलोकीचे निघाले, आणि स्वाराला सरदारकी मिळाली. मग वरणसांडे. सांडलेल्या वरणात विष होते! तिने ते मुद्दाम सांडून महाराजांचा जीव वाचवला! आचारीण राजमातेची मानलेली लेक झाली. तीन हप्त्यांत अठरा घरांपैकी सतरा घरे गडावर चढली.

मग रूपचंदशेठ आले. या वेळी अंक नाचवत नव्हते. अंकाची सुरळी करून, लाटणे धरावे तशी धरली होती.

"नाना, एक विचारू?"

"विचारा की."

"तुमच्या राज्यात स्वयंपाक कोण करतं?"

नाना बोटांवर मोजू लागले.

"पाणी कोण भरतं? दरवाजा कोण उघडतं? घोड्याला चारा कोण टाकतं? सगळे सरदार! या हप्त्यात शत्रूचा दूत येऊन दरवाजा वाजवतोय, आणि दरवाजा उघडायला स्वतः महाराज खाली येतात! धोतर सावरत! अहो, अंगणात झाडू मारणारं कुणी तरी ठेवा राज्यात!"

"अठरावं घर शिल्लक आहे," नाना पुटपुटले.

"मग त्यालाच पहाऱ्यावर उभं करा!"

"त्यांचं कार्ड आजच आलंय, शेठ."

रूपचंदशेठनी सुरळी उलगडून तिनेच वारा घेतला आणि ते निघून गेले.

इकडे आखाजी जवळ येत होती. ताईबाईंनी नवे लुगडे घडी करून पिशवीत ठेवले. भावजयीसाठी बांगड्या ठेवल्या. चार दिवस राहिले, उखर्डू आला नाही. तीन राहिले, आला नाही. गल्लीत रिक्षा वाजली की त्या ओट्यावर जायच्या आणि तिथे काही काम असल्यासारखे करून परत यायच्या. उंबरा पुसून पुसून गुळगुळीत झाला.

"बरं नसेल का हो त्याला?"

"नसेल... म्हणजे, असेल. बरा असेल."

"मग माझ्याकडून काही चुकलं असेल?"

"तुझ्याकडून कसं चुकेल?"

"तसं नाही, बोलते मी फार. बोलता बोलता कुणाला लागलं असेल. तुम्ही बरे, तुमच्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही."

नाना उठून शेवग्याच्या झाडाला पाणी घालायला गेले. त्या झाडाला सकाळीच दोनदा पाणी घातलेले होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ताईबाईंनी पिशवी उघडली आणि लुगडे बाहेर काढले. परत कपाटात ठेवायला. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलत नव्हत्या, हेच भयंकर होते! त्रेचाळीस वर्षे घरात वाहणारा नळ अचानक बंद झाला होता आणि त्या शांततेत नानांना पुस्तकातली एक ओळ वाचता येईना.

ते उठले. दोन्ही हातांनी शब्दकोश उचलला, ताईबाईंसमोर ठेवला आणि उघडला. शेजारी गावाकडची कार्डे आणि छापलेले हप्तेही मांडले.

"हे काय?"

"वाच."

ताईबाई चौथी शिकलेल्या होत्या. कार्डे, हप्ते आणि शेवटी पत्र त्यांनी बोट ठेवून वाचले. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबले. नाना भिंतीला टेकून, तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसासारखे उभे होते.

"महिना झाला याला?"

"हो."

"आणि ती नावं माझ्याकडून ऐकलेली?"

"हो. मला वाटलं, माझीच आहेत. खरंच वाटलं गं! मला माहीत नव्हतं की मी..."

ताईबाईंनी वर पाहिले. आणि जे बोलल्या, त्याची तयारी नानांनी केलेली नव्हती.

"म्हणजे तुम्ही ऐकत होतात?"

"अं?"

"त्रेचाळीस वर्षं मी समजत होते, मी भिंतीशी बोलते! आणि तुम्ही ऐकत होतात! अठराच्या अठरा घरं लक्षात?"

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की नानांना क्षणभर वाटले, सुटलो. पण सुटका एवढी स्वस्त नसते.

"पण ऐकलंत ते धड तरी ऐकायचं! विहिरीत बायकोला भिऊन नव्हता बसला तो! मांडवात दोन व्याही भांडत होते, त्यांनी याला साक्षीला बोलावलं, म्हणून बसला होता! आणि तुम्ही बिचाऱ्या त्याच्या बायकोला कजाग करून छापलंत! तानुबाईनं दोर घेऊन यायलाच पाहिजे होतं! आणि उलटटपाली उत्तर देणारे तुम्ही, एका ओळीचं उत्तर टाकवेना? माझी आखाजी घालवलीत! आता गावाला तोंड..."

"राम राम, दाजी! मुराळी उना!"

दारात उखर्डू उभा. बावन्न वर्षांचा, टोपी घामाने भिजलेली, खांद्यावर कैऱ्यांची पिशवी. ताईबाई एकदम रडायलाही लागल्या आणि त्याच्यावर ओरडायलाही लागल्या.

"आज येतोस? आज? मी समजले, गावानं मला टाकलं!"

"तुले कोन टाकस, अक्का?" उखर्डू मटकन खाली बसला. "मूळ तर येवावंच व्हतं. चार दिन झाया, निंघाना प्रयत्न करी ऱ्हायनू! रस्त्यालोंग येवाले गाडी पाहिजे ना? गाडी शे त्या घोडेपरतेनी. तो गाडी जुपेच ना! म्हने, मी आते सरदार शे, सरदार काय गाडी हाकस?"

नानांनी भिंत आणखी घट्ट धरली.

"आनि झिपरू दिवाविझे! तो आते सोताले जहागीरदार म्हनस, पानी भराले जात नही! त्यानी बायको म्हने, मंग मी जहागीरदारीन, मीबी जात नही! घरमां तीन दिनथाईन बठ्ठा तहानेल! शेवट मी पायी उनू फाट्यालोंग!"

"पण त्या पत्रात..." नानांचा आवाज चिमणीएवढा झाला होता. "मुराळी धाडायचा की नाही, ते गाव ठरवील असं..."

"ते मास्तरनं वाक्य! मास्तर म्हने, कचेरीमा ऱ्हायेल मानूस शे, धाक घाला बिगर उत्तर देत नही." उखर्डू हसला. "सुरुवातले दोन दिन लोके रागे भरनात, खरं शे. मंग ज्यास्नं नाव छापाई नही ते जास्त रागे भरनात! आते दोन पार्ट्या व्हयेल शेतस. कोना आजानी काय कयं ते अक्काच सांगू शकस, म्हनीसन आख्खं गाव अक्कानी वाट दखी ऱ्हायनं. आनि तुम्हनं उत्तर! मास्तर रोज टपालनी थैली उलटी करी झटकस!"

म्हणजे महिनाभर नानांनी जे रक्त आटवले ते एका मास्तरच्या अलंकारिक वाक्यापायी! आणि मुराळ्याला उशीर झाला तो गावामुळे नव्हे, तर नानांनीच वाटलेल्या सरदारक्यांमुळे! नाना खाली बसले. त्यांना हसावे की काय करावे कळेना.

"उखर्डू," ते म्हणाले, "एक विचारतो. प्रत्येक घराला नाव आहे. मग मला... जावयाला... काही?"

उखर्डूने बहिणीकडे पाहिले. ताईबाईंनी पदर तोंडाला लावला.

"तुम्ले माहीत नही, दाजी? आख्खं गाव तुम्ले कागदचाटे म्हनस!"

"काय?"

"लग्नात," ताईबाई पदराआडून म्हणाल्या, "मंगलाष्टकं चालू होती आणि तुमच्या हातात सुपारीची पुडी होती. तुम्ही पुडी सोडून तो कागद वाचायला लागलात! नजर अधू, म्हणून अगदी नाकाला लावून. सावधान झालं तरी तुमचं वाचून होईना. बायका म्हणाल्या, अगं बाई, नवरदेव कागद चाटतोय!"

त्रेचाळीस वर्षे! सात किल्ल्यांच्या राज्यात साध्या माणसाला आडनाव कसे मिळते, हे जगाला शिकवायला निघालेल्या माणसाला स्वतःचेच आडनाव माहीत नव्हते! नानांचे कान लाल झाले. पण आतून, कुठेतरी खोल, त्यांना थोडे बरेही वाटले. आपणही त्या राज्यात आहोत. गडावर नाही, खाली, पहाऱ्यावर.

"लिहा उत्तर," ताईबाई म्हणाल्या. "आत्ता. आणि तानुबाईची माफी मागा."

नाना बसले. पहिला मसुदा चार पानांचा झाला, ताईबाईंनी तो वाचून चुलीपाशी ठेवला. दुसऱ्यात 'स्वतंत्र प्रतिभा' हा शब्द आला, तोही चुलीपाशी गेला. तिसरा असा :

"भिकन मास्तर यांस, स. न. वि. वि. उत्तरास एक महिना उशीर झाला. कारण भीती. नावे गावाची आहेत, माझे एकही नाही. अक्कांनी ती मला पुरवली नाहीत. त्या माझ्याशी नुसत्या बोलत होत्या, आणि मी ऐकतो आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. विहिरीत बसणारा बायकोला भिणारा नव्हता, तानुबाईंची दोन्ही हात जोडून क्षमा मागतो. पुढील हप्त्यापासून सर्व सरदार आपापल्या मूळ कामावर रुजू होतील. झिपरूभाऊंनी पाणी भरावे. आपला नम्र, जीवराम कागदचाटे."

मग नानांनी पत्ता लिहिला, दोनदा तपासला, आणि पत्र चिकटवले.

"द्या इकडे," उखर्डूने हात पुढे केला. "मी आते तठेच जाई ऱ्हायनू. मास्तरना हातमां दी देस."

"नाही!" नाना एवढ्या जोरात म्हणाले की दोघे दचकले. "टपालानं आलेल्या पत्राचं उत्तर टपालानंच गेलं पाहिजे. रीत आहे!"

खरी गोष्ट निराळी होती. पत्र परवा, तेरवा कधीतरी पोहोचेल, तेव्हा आपण इथे पिंप्राळ्यात, दार लावून, दीडशे किलोमीटर लांब असू, हा नानांचा हिशेब होता. कबुली द्यायची ती अशी अंतर राखून!

तिघे निघाले. ताईबाईंनी नवे लुगडे नेसले होते आणि त्या पुन्हा बोलायला लागल्या होत्या. नानांना ते इतके गोड वाटले की त्यांनी पिशवी स्वतः घेतली. बसस्टॅंडच्या रिक्षासाठी नाक्यावर आले. तिथे लाल पेटी होती. नानांनी पत्र तोंडाशी धरले, एकदा डोळे मिटले, आणि सोडले. आत पडल्याचा बारीकसा आवाज झाला. महिन्याभराने पहिला मोकळा श्वास!

"चला, बसा आता रिक्षात," नाना म्हणाले. "सांभाळून जा. मी इथूनच..."

"इठूनच काय?" उखर्डूने त्यांच्या हाताला धरले. "तुम्हनं तिकीट मी काढस, दाजी! गावले सांगी उनू शे, यंदा अक्कासंगे दाजीले लई येस! आठ दिन मुक्काम!"

"त्यांचे कपडे मी पिशवीत कधीच भरलेत," ताईबाई शांतपणे म्हणाल्या.

नानांनी स्वतःच्या हातातल्या पिशवीकडे पाहिले. जरा जड लागत होती खरी.

"पण... ते पत्र..."

"उनं की मास्तर वाची दावी! तो गावनं बठ्ठं टपाल पारवर उभा ऱ्हाईसन वाचस. आखाजीना पाव्हना-रावळा बठ्ठा ऱ्हातीन. तुम्ले मधमां बसाडसू!"

रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून दमला. जीवराम नाना पेटीत हात घालून उभे होते. हात मनगटापर्यंतच जात होता.